‘शेवटचे भोजन’: तेरा जणांचा ओळख-फलक (प्रकल्प नोंदी)

१२ जानेवारी २०२५

काम ठरलं. वसईतल्या आमच्या चर्चच्या सभागृहात लिओनार्दो दा विंचीच्या ‘शेवटचे भोजन’ची मोठी छापील प्रत लागणार आणि तिच्याखाली मराठी ओळख-फलक. प्रत छापून घ्यायचं काम दुसऱ्याकडे आहे. फलक माझ्याकडे: रेखाटन, मजकूर, मांडणी. पवित्र गुरुवार यंदा १७ एप्रिलला येतो, त्याआधी फलक भिंतीवर चढायला हवा.

फादर म्हणाले, “बारा प्रेषितांची नावं लोकांना पाठ आहेत. बाण काढा, नावं लिहा, झालं.” नावं पाठ आहेत हे खरंच. पण कोणतं नाव कोणत्या माणसाला लावायचं? चर्चमधल्या पुतळ्यांचं सोपं असतं. किल्ल्या दिसल्या की पेत्र, तिरका क्रूस दिसला की आंद्रिया. या चित्रात कोणाच्या हातात किल्ल्या नाहीत, कोणाच्या डोक्यामागे तेजोवलय नाही, खाली नाव तर नाहीच. ओळख पटवण्याची सगळी नेहमीची सोय लिओनार्दोने काढून टाकली आहे.

म्हणून एक अट घालून घेतली. फलकावर प्रत्येक नावाखाली ‘कशावरून’ अशी ओळ असेल. आधार सांगता येत नसेल तर नाव छापायचं नाही. फादरांना अट पटली, पण त्यांनीही एक घातली: “ओळ एकच हं. निबंध नको.”

१८ जानेवारी

मूळ चित्र कोणतं धरायचं, यावरच आठवडा गेला. आपल्याकडे घराघरांत जेवणाच्या टेबलावर टांगलेलं ‘शेवटचे भोजन’ हे मिलानच्या भिंतीचं छायाचित्र क्वचितच असतं. ती बहुतेक कोणीतरी पुन्हा रंगवलेली, गुळगुळीत केलेली प्रत असते. राफाएल मॉर्गेनने १८०० साली केलेलं तांब्यावरचं कोरीवकाम युरोपभर पसरलं आणि पुढच्या कित्येक छापांनी तेच डोळ्यांपुढे ठेवलं. त्यात सगळे चेहरे ठसठशीत आहेत. भिंतीवर तसं काही नाही.

भाचा संगणकाचं काम बघतोय. त्याने घरातल्या तसबिरीचा फोटो काढून त्यावर रेघा ओढायला सुरुवातही केली होती. थांबवलं. आधार म्हणून १९९९ नंतरचं, म्हणजे शेवटच्या मोठ्या जीर्णोद्धारानंतरचं छायाचित्रच घ्यायचं.

२५ जानेवारी

भिंतीचा इतिहास थोडक्यात लिहून ठेवते. फलकावर एवढं जाणार नाही, पण ‘कशावरून’चं उत्तर इथूनच सुरू होतं.

जागा: मिलानमधल्या सांता मारिया देल्ले ग्रात्सिए या डॉमिनिकन मठाची भोजनशाळा. काम मिलानचा सत्ताधीश लुदोविको स्फोर्झा याचं. काळ साधारण १४९५ ते १४९८. आकार सुमारे ४६० बाय ८८० सेंटिमीटर. चित्र ओल्या गिलाव्यावर काढलेलं नाही. ओल्या गिलाव्यावर भरभर काम उरकावं लागतं, आणि लिओनार्दोला घाई म्हणजे काय ते माहीत नव्हतं. बांदेल्लो या लेखकाने लहानपणी त्याला काम करताना पाहिलं होतं. तो लिहितो की कधी हा माणूस पहाटेपासून अंधार पडेपर्यंत खाणंपिणं विसरून परांचीवर चढून रंगवत असे, तर कधी दिवसचे दिवस ब्रशला हात न लावता नुसता चित्राकडे बघत उभा राही. असल्या माणसाने कोरड्या भिंतीवर लेप देऊन त्यावर तैलमिश्रित टेंपेरा (अंड्यात कालवलेला रंग) वापरला. रंग भिंतीत मुरला नाही, वर बसून राहिला आणि लिओनार्दोच्या हयातीतच सुटायला लागला. १५५६च्या सुमाराला चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने पाहिलं तेव्हा त्याला नुसते डागच दिसले.

पुढचं सगळं त्रासदायक आहे. १६५२ साली मधोमध दार फोडलं, त्यात येशूचे पाय गेले. १७२६ला बेलोत्ती आणि १७७०ला मात्सा यांनी ‘दुरुस्ती’ म्हणून वरून रंगवलं. मात्साचे तर मोजके चेहरे उरले असताना लोकांच्या ओरड्यामुळे हात थांबवले गेले. १७९६ला नेपोलियनचं सैन्य आलं आणि भोजनशाळेत घोडे बांधले गेले. १९४३च्या ऑगस्टमध्ये बॉम्ब पडून छत आणि बाजूची भिंत कोसळली. वाळूच्या पोत्यांआड ठेवलेली चित्राची भिंत उभी राहिली. १९७८ ते १९९९ या काळात पिनिन ब्राम्बिल्ला बार्चिलोन यांनी मूळ नसलेला रंग तसूतसूने उतरवला आणि जिथे काहीच उरलं नव्हतं तिथे फिकट जलरंग भरला.

यातून माझ्या कामाचा नियम निघतो: चेहऱ्यावर भिस्त ठेवायची नाही. भिंतीवर सगळ्यात जास्त हात फिरलेत ते चेहऱ्यांवर. ओळख पटवायची ती हातांवरून, अंगाच्या वळणावरून आणि कोण कोणाच्या शेजारी आहे त्यावरून.

१ फेब्रुवारी

रेखाटनाची पद्धत ठरली. भिंतीवर आज दिसतं ते सलग रेषेत. भिंतीवरून गेलेलं, पण जुन्या प्रतीत टिकलेलं, ते तुटक रेषेत. तुटक भागासाठी मुख्य आधार लंडनच्या रॉयल अकादमीची प्रत, लिओनार्दोच्या वर्तुळातल्या जांपिएत्रीनोची, सुमारे १५२०ची. तिचा वरचा भाग कापला गेलाय, पण टेबलाखाली येशूचे पाय शाबूत आहेत. ब्राम्बिल्ला यांच्या चमूनेही हीच प्रत पडताळ्याला घेतली होती.

भाच्याला तुटक रेषांचा कंटाळा आला. “मामी, लांबून कोणाला कळणार आहे?” लांबून नाही कळणार. जवळ येणाऱ्यासाठीच फलक आहे.

८ फेब्रुवारी

आज येशूच्या डावी-उजवीचा घोळ मिटवला. सगळं बघणाऱ्याच्या बाजूने मोजायचं, डावीकडून एक ते तेरा. येशू सातवा. त्याच्या दोन्ही बाजूंना तिघातिघांचे दोन-दोन गट.

येशूच्या ओळखीला पुरावा लागत नाही, तरी ओळ लिहिली: सगळ्या खोलीच्या रेषा त्याच्या डोक्याकडे धावतात. जीर्णोद्धारात त्याच्या उजव्या कानशिलापाशी खिळ्याचं बारीक भोकही सापडलं. दोरी बांधून रेषा मारायला ठोकलेला तो खिळा. माझ्या मते फलकावरची सगळ्यात रोचक ओळ हीच होईल आणि मुलं तेच भोक शोधत बसतील. छापील प्रतीत ते दिसणार नाही, हे फादरांना आधीच सांगून ठेवलं.

१५ फेब्रुवारी

डावीकडून दुसरा गट (४, ५, ६): यहूदा, पेत्र, योहान. सगळ्या चित्रात पुराव्याने भरलेली जागा हीच, त्यामुळे इथे वेळ द्यायला हरकत नाही.

क्षण कोणता ते आधी. ‘तुमच्यापैकी एक जण मला धरून देईल’, हे येशू नुकताच बोललाय. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १३) पुढची हालचाल स्पष्ट आहे: येशूचा लाडका शिष्य त्याच्या लगत बसलाय आणि पेत्र त्याला खुणावतो, कोणाविषयी म्हणतोय ते विचार. चित्रात एक दाढीवाला म्हातारा पुढे झुकून शेजारच्या तरुणाच्या खांद्याशी हात नेतोय, तरुण मान कलती करून ऐकतोय. पेत्र आणि योहान ही जोडी इथे थेट शास्त्रातून मिळते. कोणत्याही प्रतीची किंवा यादीची गरज नाही.

दोघांच्या पुढ्यात, मागे रेललेला यहूदा. लिओनार्दोच्या आधी फ्लॉरेन्सच्या भोजनशाळांत यहूदा ओळखायला वेळच लागत नसे. सांत अपोल्लोनियात कास्तान्योने (१४४७) आणि ओन्यिसांतीत गिर्लांदायोने (१४८०) त्याला टेबलाच्या अलीकडे एकटा बसवलाय, बाकी सगळे पलीकडे. लिओनार्दोनेही सुरुवातीच्या कच्च्या रेखाटनात तसंच केलं होतं. नंतर त्याने यहूदाला उचलून इतरांत बसवला. आता तो शोधावा लागतो, टेबलावरच्या बाकीच्यांनाही आणि आपल्यालाही.

शोधल्यावर मात्र खुणाच खुणा. उजव्या मुठीत आवळलेली पिशवी. पिशवी लाचेच्या तीस नाण्यांची की गटाच्या खर्चाची? योहान सांगतो की पैशांची पिशवी यहूदाकडेच असे. दोन्ही अर्थ बसतात, दोन्ही लिहिणार. डावा हात बशीकडे जातोय आणि येशूचाही हात त्याच बाजूला येतोय. ‘माझ्याबरोबर ताटात हात घालणारा’ हे मत्तयातलं वाक्य तिथे रंगवलंय. उजेड डावीकडून येतो, भोजनशाळेतल्या खऱ्या खिडक्यांच्या बाजूने, आणि यहूदाचा चेहरा नेमका त्या उजेडाला पाठ देऊन सावलीत. कोपराशी कलंडलेलं मीठदान भिंतीवर जवळपास गेलंय, जांपिएत्रीनोच्या प्रतीत दिसतं. तुटक रेषेत घेतलं.

एक ओळ कसली, इथे पाच झाल्या. फादरांशी बोलावं लागेल.

१६ फेब्रुवारी

फादर: “यहूदालाच सगळ्यात जास्त जागा?” मी म्हटलं, “चित्रकाराने दिलीय.” तीन ओळींवर तडजोड.

२२ फेब्रुवारी

‘जादा हाता’चं प्रकरण. यहूदाच्या मागे सुरी धरलेला एक हात दिसतो आणि तो कोणाचाच नाही, अशी चर्चा अधूनमधून फिरत असते. भाच्याच्या फोनवरही आली होती, लाल वर्तुळासकट. हात पेत्राचा आहे, उजवा. मनगट मागे मुरडून कमरेशी टेकवलाय, म्हणून अवघडलेला वाटतो. इंग्लंडच्या राजसंग्रहात, विंडसरला, त्याच बाहीचा लिओनार्दोने केलेला अभ्यास आहे, आणि जुन्या प्रतींत मनगट ते खांदा जोड नीट कळतो. सुरी का, तर काही तासांनी बागेत हाच पेत्र महायाजकाच्या सेवकाचा, मल्खाचा, कान कापणार आहे. मात्र सुरी बर्थलमयाचीही खूण आहे, कारण परंपरेप्रमाणे त्याची कातडी सोलली गेली. सुरीचं टोकही डावीकडे, बर्थलमय बसतो त्या बाजूला रोखलेलं. काही जण दोन्ही अर्थ जोडतात. मी पेत्राचाच ठेवला. शुभवर्तमानात तेवढाच धरता येतो.

भाच्याने रेखाटनात पेत्राची बाही एका रंगात भरून दाखवली. लाल वर्तुळापेक्षा ते बरं.

१ मार्च

मावशी फलकाचा कच्चा छाप बघायला आली आणि सहाव्या क्रमांकावर बोट ठेवून म्हणाली, “अगं, ही बाई कोण? मेरी माग्दालेना ना?” एका गाजलेल्या इंग्रजी रहस्यकथेने ही कल्पना जगभर पोचवली, मावशीपर्यंत ती नातवाकडून आली.

उत्तर लांबट आहे, पण तिला पूर्ण सांगितलं. बारा प्रेषितांपैकी योहान सगळ्यात लहान मानतात, म्हणून चित्रकार त्याला दाढीमिशीशिवाय, लांब केसांचा काढत आले. गिर्लांदायोच्या भिंतीवर तो तसाच आहे, कास्तान्योच्याही. लिओनार्दोने त्याला झोपवला नाही, मान कलती ठेवली, एवढाच फरक. आणि मोजून बघ, येशूशेजारी बाई बसवली तर टेबलावर अकराच प्रेषित उरतात, मग योहान गेला कुठे? ज्या मठात डॉमिनिकन साधू रोज या भिंतीसमोर जेवत होते, तिथे एक प्रेषित कमी पडला असता तर पहिल्याच दुपारी कोणीतरी बोट दाखवलं असतं.

मावशी म्हणाली, “मग त्याला जरा दाढी दाखवायची ना.” याला उत्तर नाही.

कार्डावर ओळ: ‘योहान: वयाने लहान, म्हणून दाढी नाही, पेत्र त्याला काही विचारायला सांगतोय.’ वादाचा उल्लेख नाही. फलक वाचायला आलेल्याच्या डोक्यात नसलेली शंका आपण का घालावी? ज्याच्या डोक्यात असेल त्याला ओळ पुरेल.

६ मार्च

काल राखेचा बुधवार. आता घाई.

येशू, यहूदा, पेत्र, योहान. चित्र आणि शुभवर्तमान एवढ्यावर इथवर ठामपणे येता येतं. पाचवा थोमा, जेमतेम. उरलेल्या आठ जणांची नावं चित्राबाहेरून येतात, आणि ती कुठून येतात हे वाचताना मला या प्रकल्पातली सगळ्यात मोठी गंमत सापडली.

स्वित्झर्लंडच्या तिचिनो भागात, लुगानोजवळ, पोन्ते काप्रियास्का नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या संत आंब्रोजच्या चर्चमध्ये सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ‘शेवटचे भोजन’ची भित्तिचित्र प्रत काढली गेली, आणि काढणाऱ्याने प्रत्येकाच्या खाली नाव लिहिलं. जगभरच्या पुस्तकांत, तसबिरींत, पर्यटकांच्या पत्रकांत बर्थलमय डावीकडे टोकाला आणि शिमोन उजवीकडे टोकाला असतो, तो मुख्यतः या नावांच्या बळावर. मिलानच्या जगप्रसिद्ध भिंतीचा अर्थ डोंगरातल्या एका खेड्यातल्या चर्चने सांभाळून ठेवला.

पुरावा किती वजनाचा? मूळ चित्रानंतर साधारण अर्धशतकाच्या आतबाहेरचा, मिलानपासून फार लांब नसलेल्या जागेचा. शास्त्रातून ओळखता येणाऱ्या मंडळींना त्याने बरोबर नावं दिली आहेत, म्हणजे मनाला येईल तसं लिहिलेलं नाही. पण लिओनार्दोच्या हातची यादी ती नव्हे. व्हेनिसच्या अकादमीत लाल खडूचं एक रेखाटन आहे, त्यात प्रेषितांच्या डोक्यांवर नावं आहेत. मात्र त्यातली रचना आधीची आहे, यहूदा अजून टेबलाच्या अलीकडे बसलेला. ती नावं उचलून भिंतीवर चिकटवता येत नाहीत.

म्हणून फलकावर दोन रंग. शास्त्र आणि चित्र यांतून मिळालेलं नाव गडद निळं, पोन्ते काप्रियास्कामधून आलेलं विटकरी. कोपऱ्यात दोन ओळींची रंगसूची.

७ मार्च

फादरांनी रंग बघून विचारलं, “म्हणजे हे आठ जण खात्रीचे नाहीत?” मी सांगितलं, खात्री आहे, पण ती वेगळ्या साक्षीदाराची आहे. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “ठेवा दोन रंग. प्रवचनात मलाच उपयोग होईल.” कसा, ते सांगितलं नाही.

१३ मार्च

येशूच्या उजवीकडचा गट (८, ९, १०): थोमा, थोरला याकोब, फिलिप.

थोमाचं फक्त डोकं आणि वर केलेलं एक बोट दिसतं, बाकी सगळा याकोबाच्या मागे. बोट मात्र बोलकं. जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असं पुनरुत्थानानंतर म्हणणारा हाच (योहान २०). निळा आणि विटकरी, दोन्ही रंग द्यावे असा एकमेव माणूस. भाच्याने नाव अर्धं-अर्धं रंगवलं. बघायला विचित्र, पण राहू दे.

थोरला याकोब दोन्ही हात फेकून मागे सरकलाय, जणू वाक्य त्याच्या छातीवर आदळलं. योहानाचा हा सख्खा भाऊ, आणि येशूने दोघांना ‘गर्जनेचे पुत्र’ म्हटल्याचं मार्कात आहे. हावभाव नावाला शोभतो खरा, पण शोभणं म्हणजे पुरावा नव्हे, विटकरीच. फिलिप उभा राहून छातीशी हात नेतोय: ‘प्रभू, मी आहे का तो?’ विंडसरमध्ये या दोघांच्या डोक्यांचे अभ्यास आहेत, आणि भिंतीवरच्या चेहऱ्यांपेक्षा ते कितीतरी जिवंत आहेत. चेहरा बघायचा तर तिथेच. फलकाच्या दोन्ही कडांना ते छापावे असा मोह झाला, पण जागा नाही.

लिओनार्दोच्या वहीत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात असलेल्या, या चित्रासाठीचं एक टिपण आहे. पिता पिता पेला तसाच ठेवून बोलणाऱ्याकडे वळलेला एक, बोटांत बोटं गुंतवून कपाळाला आठ्या घालणारा दुसरा, तळवे पसरून खांदे कानांपर्यंत उचलणारा तिसरा, शेजाऱ्याच्या कानात कुजबुजणारा आणखी एक. नावं एकालाही नाहीत. आधी त्याला हावभाव सुचले आणि मग माणसं बसली, असं मला वाटतं. जर्मन कवी गटेनेही १८१७ साली या चित्रावर लिहिताना हातांवरच भर दिला होता, इटालियन माणूस सगळ्या अंगाने बोलतो म्हणून.

२० मार्च

डावं टोक (१, २, ३): बर्थलमय, धाकटा याकोब, आंद्रिया. बर्थलमय टेबलावर हात टेकून उभा, आंद्रिया दोन्ही तळवे पुढे करून ‘मी नाही’ म्हणणारा. मधला धाकटा याकोब आंद्रियाच्या पाठीमागून हात लांबवून पेत्राला स्पर्श करतोय. त्या हातामुळे डावीकडचे दोन गट जोडले जातात. तो चेहऱ्याने येशूसारखा वाटतो. परंपरेत त्याला येशूचा नातलग मानलंय, तिकडे हा इशारा असू शकतो. पण चेहऱ्यांबद्दलचा माझाच नियम आठवून ती ओळ काढली.

इथे एक जादा ओळ मात्र हट्टाने घातली. टेबलावरच्या दोघांचं नाव परंपरेने भारताशी जोडलंय. थोमाचं सगळ्यांना माहीत आहे, मैलापूर वगैरे. बर्थलमयाचं कमी माहीत आहे: चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की पांतेनस नावाचा धर्मपंडित ‘इंडिया’त गेला तेव्हा तिथे बर्थलमयाने ठेवलेलं मत्तयाचं शुभवर्तमान त्याला मिळालं. ही जागा म्हणजे कोकणपट्टी, कल्याणचा परिसर, असं आपल्याकडे सांगितलं जातं. तो ‘इंडिया’ नेमका कोणता यावर इतिहासकारांत वाद आहे, म्हणून कार्डावर ‘परंपरेनुसार’ हा शब्द ठळक. वसईहून कल्याण ते केवढं! सभागृहात येणारा माणूस डाव्या टोकाच्या माणसाकडे एकदा जास्त बघेल, एवढ्यासाठी ही ओळ.

२७ मार्च

उजवं टोक (११, १२, १३): मत्तय, तद्दय, शिमोन. तिघेही येशूकडे न बघता आपसात बोलतायत, मत्तयाचे हात तेवढे येशूकडे. या तिघांबाबत पोन्ते काप्रियास्का सोडून हातात काही नाही. उगाच फुलवायचं नाही. तद्दय म्हणजेच आपल्याकडे ज्याची भक्ती होते तो संत ज्यूड, ही माहिती दिली. लूकच्या यादीत तो ‘याकोबाचा यहूदा’ आहे, त्यामुळे एका टेबलावर यहूदा दोन आणि याकोबही दोन. मुलांसाठी असलेल्या कागदी प्रश्नपत्रिकेला हा प्रश्न चांगला.

३ एप्रिल

व्हॉट्सअ‍ॅपवरची ती गोष्ट यंदाही आली. येशूसाठी बसलेला देखणा तरुण, वर्षानुवर्षं उलटल्यावर यहूदासाठी सापडलेला तुरुंगातला माणूस, आणि तो तोच निघतो. समितीतल्या एका काकांना ती फलकावर हवी होती. “लोकांना आवडते हो.” आवडते, पण सगळं चित्रच तीनेक वर्षांत झालेलं, वर्षानुवर्षं आणायची कुठून? शिवाय लिओनार्दो एका चेहऱ्याला एक माणूस असं करतच नसे. त्याच्या टिपणांत ख्रिस्ताच्या नुसत्या हातासाठी पार्माच्या एका माणसाचं नाव आहे, आलेस्सांद्रो कारिस्सिमो. काकांना त्याऐवजी वासारीने सांगितलेली गोष्ट दिली. मठाचा प्रमुख काम लांबल्याची तक्रार घेऊन ड्यूककडे, म्हणजे लुदोविकोकडे गेला, तेव्हा लिओनार्दो म्हणाला, यहूदाचं डोकं अजून मिळालेलं नाही, नाहीच मिळालं तर या प्रमुखाचं वापरेन. वासारीही पदरचं घालतो, म्हणून ही गोष्टही फलकावर नाही. काका ती तोंडी सांगतील, आणि रंगवून सांगतील.

५ एप्रिल

छापखान्यातून नमुना आला. विटकरी रंग तपकिरी झालाय, निळ्यापासून लांबून वेगळा कळत नाही. बदलायला सांगितलं. जोडाक्षरं ठीक. ‘र्थ’चा रफार एका ठिकाणी सरकला होता, तोही दुरुस्त.

रेखाटनात टेबलावरच्या बशा रिकाम्या होत्या, त्या भरल्या. जीर्णोद्धारानंतर बशीत मासळीचे तुकडे आणि सोबत संत्र्याच्या फोडी दिसू लागल्या. काही अभ्यासक ती वाम मानतात. भाच्याने त्या बशीला चौदावा क्रमांक द्यावा असं सुचवलं. मान्य. वसईत तिला गर्दी होणार.

१२ एप्रिल

फलक लागला. उद्या झावळ्यांचा रविवार. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर ठेवली, मुलांना नाकासमोर यावा म्हणून. वरच्या ओळी त्यांना लांब पडतील, पण वरती यहूदाचा मजकूर आहे, तो मोठी माणसं वाचतीलच. प्रकाश खिडकीतून डावीकडून पडतो, चित्रातल्यासारखाच. ठरवून केलेलं नाही, सभागृहाची खिडकीच तिथे आहे.

२१ एप्रिल

पवित्र गुरुवार ते ईस्टर फलकापुढे बरीच वर्दळ होती. सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते योहानाबद्दल, मग बशीबद्दल. दोन रंगांचा अर्थ विचारणारे थोडेच, पण जे विचारत होते ते बराच वेळ थांबत होते. एका शाळकरी मुलीने विचारलं, “मग पोन्ते काप्रियास्कावाल्याला नावं कोणी सांगितली?” तिला सांगितलं, त्याने ते कुठे लिहिलेलं नाही.

पुढचं काम सुचवून ठेवलंय. त्याच भोजनशाळेत, समोरच्या भिंतीवर, मोंतोर्फानोचं क्रूसारोहण आहे, १४९५चं. खऱ्या ओल्या गिलाव्यावर काढलेलं, म्हणून आजही बऱ्यापैकी टिकलेलं. त्याच्या खालच्या कोपऱ्यांत लुदोविको, त्याची बायको बेआत्रिचे आणि मुलं गुडघे टेकून बसलेली लिओनार्दोने नंतर घातली, पुन्हा कोरड्या भिंतीवर. त्या जागी आता फिकट आकारांपलीकडे फारसं काही नाही. तिथे नावं पक्की आहेत, चेहरेच गेलेत. त्याचा फलक करायचा तर जवळपास सगळ्याच रेषा तुटक येतील. पुढच्या वर्षीच्या उत्तम शुक्रवारासाठी जागा मिळते का ते फादर बघतायत. भाच्याने फाइल उघडून ठेवली आहे.